रिकाम्या डब्याचं कौतुक

जहाजावरच्या कूकला घरच्या स्वयंपाकघरात मोकळं सोडू नये, असं दिशाची आई म्हणायची, आणि ती काही अगदीच चुकीचं बोलत नव्हती. दिशाचा नवरा सुजय पिलणकर सोळा वर्षं बोटीवर होता. ताटं उचलणारा म्हणून चढला आणि चीफ कूक झाला. बावीस माणसांचं जेवण तो रांधायचा, तेही बोट डोलत असताना, पातेली शेगडीला बांधून. घरी आला की मात्र तिघांच्या आमटीला पंधरा जणांचं पातेलं काढायचा, आणि मग मुरुगवाड्यातल्या चार घरी आमटी वाटत फिरायची वेळ दिशावर यायची.

या खेपेला तो नोव्हेंबरात उतरला तेव्हा घरचं वेळापत्रकच बदललेलं होतं. दिशा पोस्टात कामाला. तिची बदली संगमेश्वरला झाली होती आणि सकाळी सातची एसटी चुकली की दिवस चुकलाच. शमिका त्यांची एकुलती एक, नऊ वर्षांची, चौथीत. तिची शाळेची रिक्षा यायची पावणेदहाला. दिशा पहाटे उठून पोळ्या लाटायची, भाजी परतायची, डबा भरायची आणि पोरीला शेजारच्या घरी सोपवून स्टँडकडे पळायची.

"आता मी आहे ना," सुजय म्हणाला. "फेब्रुवारीपर्यंत डबा माझ्याकडे. तू फक्त एसटी पकड."

"साधा द्या हो," दिशा म्हणाली. "पोळी-भाजी. खाते ती."

'साधा' हा शब्द सुजयला लागला. चीफ कूकच्या लेकीचा डबा साधा?

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं. बोटीवर कूकला कुणी शाबासकी देत नाही. जेवण बिघडलं तर बावीस तोंडं बोलतात, चांगलं झालं तर बावीस तोंडं खातात आणि गप्प बसतात. मग कूकला कळायचं कसं? तर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, एक बादली असते. ताटात उरलेलं सगळं त्यात पडतं. जेवणं आटोपली की सुजय त्या बादलीत डोकवायचा. बादली रिकामी तर कूक पास, भरलेली तर नापास. सोळा वर्षं त्याने स्वतःची किंमत अशी बादलीत बघून ठरवली होती, आणि हे त्याने पहिल्याच संध्याकाळी शमिकाला मोठ्या ऐटीत सांगितलं. शमिकाने मान डोलावली. शहाणी पोर, बाप काहीही बोलला तरी मान डोलवायची.

पहिल्या सोमवारी त्याने तिला चीज घातलेला पास्ता दिला, वर गाजराची फुलं कोरून. डबा जसाच्या तसा परत आला. मंगळवारी कटलेट, सोबत उकडलेल्या फरसबीच्या काड्या, दोरीने बांधल्यासारख्या. तेही परत. बुधवारी त्याने अंड्याचं असं काही केलं की त्याचं नाव त्यालाच नीट घेता येत नसे. बोटीचा ग्रीक कॅप्टन त्यावर जीव टाकायचा. शमिकाने एक घास खाल्लेला दिसत होता. बाकीचं गार, घट्ट, झाकणाला चिकटलेलं.

सुजय ओरडणाऱ्यातला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रोज संध्याकाळी डबा उघडायचा, आत बघायचा आणि पडवीत जाऊन खुर्चीत बसायचा. तासभर कुणाशी बोलायचा नाही. शमिका दारातून त्याच्याकडे बघत उभी राहायची, मग हळूच आत जाऊन अभ्यासाला बसायची.

शुक्रवारी त्याने हट्ट सोडला. चुकलं ते चुकलं, बोटीवर तरी पहिल्या आठवड्यात कुठे सगळं जमतं? त्याने बाजारातून नाचणी आणली, बीट आणलं, मूग भिजत घातले. फ्रिजवर आठवड्याचा तक्ता चिकटवला. सोमवारी बीट घातलेली लालभडक घावणं. मंगळवारी मोडाच्या मुगाची उसळ आणि इवल्याशा भाकऱ्या. बुधवारी नाचणीच्या आंबोळ्या, रुपयाएवढ्या, आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, सगळं त्याने मोबाइलवर वाचून काढलं आणि तक्त्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं. दिसायलाही असं देखणं की उघडताच पोराने हात घालावा. दिशाने तक्ता वाचला आणि ती पहिल्यांदाच हसली.

"हे बरंय," ती म्हणाली. "हे आपलं आहे."

आणि त्या सोमवारी डबा रिकामा आला.

नुसता रिकामा नाही, चाटूनपुसून, स्वच्छ. सुजयने झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा झाकण लावून पुन्हा उघडलं. मग शमिकाला उचलून गरकन फिरवलं. मंगळवारी रिकामा. बुधवारी रिकामा. गुरुवारी त्याने थोडं जास्त भरलं, तेही फस्त. पठ्ठ्याला आकाश ठेंगणं झालं. शेजारणींना पाककृती सांगून झाल्या. मुंबईच्या भावाला फोन करून झाला. दिशा संध्याकाळी एसटीतून उतरली की घरी येईपर्यंत तिला डब्याचा वृत्तान्त ऐकावा लागायचा.

रिकामा डबा म्हणजे पोरीची भूक वाढली, असा सरळ हिशोब करून त्याने डबाही वाढवला. एका खणाचा दोन खणी झाला, दोन खणीचा तीन खणी. तीनही खण रिकामे. आणि दुपारी एवढं रिचवल्यावर संध्याकाळी पोटाला तडस लागू नये म्हणून त्याने तिचं रात्रीचं जेवण हलकं केलं. मऊ भात, वर मेतकूट, एक पेला दूध. बोटीवर असंच करतात, दुपारी जड तर रात्री हलकं. शमिका मऊ भाताची वाटी निपटून घ्यायची आणि रिकाम्या वाटीकडे बघत बसायची. "अजून हवं?" असं त्याने एकदा विचारलं होतं. "नको, पोट भरलं," ती म्हणाली होती. मग पुन्हा विचारायचं कशाला?

डिसेंबर सरता सरता एका रविवारी दिशा शमिकाला न्हाऊ घालत होती. तिने हाक मारली, "अहो, इकडे या जरा." आवाज नेहमीचा नव्हता. शमिकाच्या पाठीचे मणके मोजता येत होते. खुंटीवरचा गणवेशाचा स्कर्ट बघितला तर कमरेला पिनेने आवळलेला निघाला, आणि ती पीन पोरीने स्वतःच लावलेली होती.

डॉक्टरांनी वजन केलं. जुलैमध्ये शाळेच्या कार्डावर साडेचोवीस किलो होतं, आता बावीस पूर्णांक आठ. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. डोळ्याची खालची पापणी ओढून बघत डॉक्टरांनी विचारलं, "खाते का नीट?"

"सगळं खाते," सुजय म्हणाला. "तीन खणांचा डबा रोज रिकामा येतो. रोज."

डॉक्टरांनी जंताचं औषध लिहिलं, लोहाचं बाटलीतलं औषध लिहिलं आणि म्हणाले, "महिन्याने आणा. खाऊनसुद्धा वजन वाढलं नाही, तर मग पुढच्या तपासण्या करू."

पुढच्या तपासण्या. घरी येईपर्यंत सुजयच्या डोक्यात ते दोनच शब्द होते. पोर तीन खण जेवते आणि वाळत जाते, म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. बारा फेब्रुवारीला त्याला पुन्हा बोटीच्या कामावर हजर व्हायचं होतं, आणि हे असं टाकून तो कसा जाणार होता? कधी नव्हे ते त्याने देवाला नारळ बोलून ठेवला. दिशा एकदाच म्हणाली, "माझ्या पोळी-भाजीवर तरी अशी नव्हती हो." ती टोचून बोलली नव्हती, पण सुजयला ते टोचलंच.

त्याने आंबोळ्यांत नाचणी वाढवली, लाडवात अळीव घातले, डब्याला चौथा खण लावता येतो का ते बाजारात विचारून आला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, रिक्षा दारात उभी होती. रिक्षावाला धाकू म्हणजे वाडीतलाच माणूस, वीस वर्षं शाळेची पोरं नेणारा. मागे चार मुली दाटीवाटीने बसलेल्या. शमिका पाण्याची बाटली विसरली म्हणून घरात पळाली, तेवढ्यात तिच्या वर्गातली सानवी रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "काका, उद्या ती लाल घावणं करा ना. आणि जरा जास्त द्या. गेल्या वेळी माझ्या वाट्याला दीडच आलं."

सुजय आधी सुखावलाच. कूकच तो. "देतो की," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "वाट्याला म्हणजे? वाटून खाता काय तुम्ही?"

"हो, आम्ही पाच जणी आहोत ना. शमिका वाटते."

"मग ती स्वतः किती खाते?"

"ती नाय खात," सानवी सहज म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणते. मग डबा नळावर धुवून आणते. कधीकधी माझी बिस्किटं खाते दोन."

शमिका बाटली घेऊन आली, रिक्षात चढली, तिने हात हलवला. सुजयनेही हलवला. धाकूने सगळं ऐकलं होतं. गिअर टाकता टाकता तो हळूच म्हणाला, "सुजय, पोराबाळांचा हाय, डोक्यात राख घालू नको हां."

पण राख आधीच पडली होती. त्याच्या लेकीला उपाशी ठेवून दुसऱ्याच मुली चार हातांनी जेवत होत्या, आणि तो इकडे भावाला फोन करत होता. कुणीतरी तिला धाकात ठेवलंय, दमदाटी करून डबा काढून घेतायत, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. मधल्या सुट्टीच्या वेळेला तो शाळेत पोचला. बाईंना भेटून चांगलं खडसावायचं, एवढाच बेत होता. फाटकाच्या आत, वडाच्या पारापाशी, मुली गोल करून बसल्या होत्या. तो कुंपणाच्या बाहेरच थांबला.

कुणी दमदाटी करत नव्हतं. शमिका मधोमध बसून भाकरीचे तुकडे करत होती आणि प्रत्येकीच्या झाकणात नीट मोजून उसळ घालत होती. एकीला चमचाभर कमी पडली तर दुसरीकडची काढून तिने ती सारखी केली. एक मुलगी म्हणाली, "तू घे ना गो," तर तिने मान हलवली. सगळं संपल्यावर तिने खणांत बोट फिरवून बघितलं, काही राहिलंय का. मग उठली, नळावर गेली, ओंजळीने पोटभर पाणी प्यायली आणि तिन्ही खण घासून धुतले.

सुजय बाईंना न भेटताच परत फिरला. रागवायचं कुणावर, तेच त्याला कळेनासं झालं. घरी आला आणि दुपारभर काहीही न करता ओट्यापाशी उभा राहिला.

संध्याकाळी रिक्षा आली. शमिकाने डबा त्याच्या हातात दिला आणि नेहमीसारखी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्याने तो न उघडताच बाजूला ठेवला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"उघड ना, पप्पा. रिकामा आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी आज शाळेत आलो होतो, दुपारी."

ती एकदम गोरीमोरी झाली. मग घाईघाईने म्हणाली, "मी खाल्लं होतं आधी. थोडं खाल्लं होतं."

सुजय खाली फरशीवर बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. "बाय, मी रागावलो नाही. तुला उपाशी राहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय."

"मग?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत राहिली. नंतर बोलली ते तुटक तुटक. नाचणी तिला आवडत नाही, घशात अडकते. बिटाचा वास मातीसारखा येतो. मूग चालतात, पण एवढे नाही. पहिल्या आठवड्यात तिने डबा परत आणला तेव्हा पप्पा रोज पडवीत जाऊन बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. बादलीसारखंच झालं होतं. मग सोमवारी तिने सगळं वाटून टाकलं तर पप्पा केवढा हसला, तिला उचलून फिरवलं. मोठा खण कुणी एकटी संपवणार नाही म्हणून मैत्रिणी बोलवायच्या, आणि बोलावलेल्यांना कमी पडू नये म्हणून ती आधी त्यांना वाढायची. मग तिला काही उरायचं नाही. पप्पाने डबा वाढवला की तिलाही माणसं वाढवायला लागायची. आधी तिघी होत्या, आता पाच झाल्या.

"पण मला सांगायचं ना, आवडत नाही म्हणून."

शमिकाने त्याच्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "पाहुण्यांनी काही आणलं तर नावं ठेवायची नसतात," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटतं."

"मी पाहुणा आहे?"

ती प्रामाणिकपणे म्हणाली, "तू थोडेच दिवस असतोस ना."

सुजयला रडू आलं. पुरुषमाणूस, बोटीवर पंधरा-पंधरा फूट लाटा बघितलेला, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडला, आणि त्याची लाज वाटायला त्याला फुरसत नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीने दीड महिना उपाशीपोटी पाणी प्यायलं, ते बापाचं तोंड हसरं राहावं म्हणून. कूक म्हणून तो पास होत राहिला, आणि ते पास करणं पोरीच्या अंगावरचं मांस काढून चाललं होतं. त्याने तिला जवळ ओढलं. तिच्या खांद्याची हाडं त्याच्या हाताला लागली. ती आधी अवघडून उभी राहिली, मग हळूहळू त्याच्या मानेत डोकं खुपसलं.

"भूक लागलीय?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली.

त्याने विचारलं, काय करू. ती सवयीने म्हणाली, "काही पण चालेल." तो म्हणाला, चालेल नावाचा पदार्थ मला येत नाही. तेव्हा कुठे ती म्हणाली, "पोळी. तूप-गूळ लावून, गुंडाळून. आई करते तशी." त्याने कणीक मळली. चीफ कूकच्या पोळ्या जाड झाल्या, कडेला करपल्या. शमिकाने तीन खाल्ल्या.

दिशा साडेसहाला आली, तोवर शमिका झोपी गेली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता दिशा खांद्यावरची पर्स तशीच ठेवून खाली बसली.

"मीच सांगायचे तिला," ती म्हणाली. "पप्पाला त्रास देऊ नको, पप्पा थोडे दिवसच आहे, त्याच्यासमोर रडायचं नाही. दर खेपेला सांगायचे. तुम्हाला इथे बरं वाटावं म्हणून हो."

"मला तर बरंच वाटत होतं," सुजय म्हणाला. "तिथेच घोटाळा झाला."

दुसऱ्या दिवशी त्याने फ्रिजवरचा तक्ता फाडून टाकला आणि घरात नवा कायदा केला. सकाळी डबा भरताना शमिकाने ओट्यावर चढून बसायचं, चव घ्यायची, आणि एक तरी नाव ठेवायचं. नाव ठेवल्याशिवाय डबा बंद होणार नाही. कौतुक चालणार नाही. डबा एका खणाचा, आणि त्यात किती भरायचं ते तिने सांगायचं. दुसऱ्या छोट्या डबीत मैत्रिणींसाठी एकेक घास. वाटून खाणं वाईट थोडंच आहे? फक्त वाटणारीनेही जेवायचं.

पहिले तीन दिवस काही केल्या तिच्या तोंडून नाव निघेना. "चांगलं आहे," एवढंच. घड्याळ साडेनऊवर आलं तरी सुजय झाकण हातात धरून उभा. शेवटी चौथ्या दिवशी ती इतकं हळू बोलली की त्याला कान पुढे न्यावा लागला. "मीठ थोडं कमी आहे." त्याने मीठ घातलं. पाचव्या दिवशी, "भाजी सगळी एकाच रंगाची दिसते." सहाव्या दिवशी, "हा कांदा असा मोठा मोठा का चिरतोस? सानवीचे पप्पा दुकान चालवतात, तरी बारीक चिरतात." त्यानंतर मात्र धरण फुटलं. आंबोळी चिवट. चटणीला खोबरं कमी. केळं डब्यात काळं पडतं, सालासकट वेगळं दे. नाचणी नको म्हणजे नको, पण तिच्या पिठाची गूळ घालून बिस्किटं केलीस तर बघेन. मग सुजयने ती केली. पहिली खेप दगडासारखी झाली, दुसरी बरी, तिसरी रिक्षातल्या चौघींनी धाकूसकट संपवली. "ह्येका विकायक ठेव रे," धाकू म्हणाला, दातातला कण काढत. बीट तिने घावण्यात कधीच खाल्लं नाही. दह्यात किसून, वर जिऱ्याची फोडणी देऊन मात्र खाल्लं, आणि त्याचा रंग सानवीच्या बोटांवर दोन दिवस राहिला म्हणून खूश झाली.

कधी डबा रिकामा यायचा, कधी त्यात चतकोर उरायची. उरली तर का उरली, ते ती बूट काढायच्या आधी सांगायची.

जानेवारीच्या अखेरीला डॉक्टरांनी पुन्हा काट्यावर उभं केलं. चोवीसला शंभर ग्रॅम कमी. हिमोग्लोबिन दहाच्या वर. "छान. पुढच्या तपासण्या नकोत," ते म्हणाले. "औषध अजून दोन महिने चालू ठेवा. काय बदल केलात?"

"हिला बोलायला लावलं," सुजय म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण पाठीमागे दहा माणसं बसली होती, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारी लागला. कंपनीचा फोन आला. बारा तारखेला मुंबईला हजर व्हायचं, तिथून विमानाने सिंगापूर, तिथे बोट. नऊ महिने. घरात सगळ्यांना ही तारीख आधीपासून ठाऊक होती, तरी फोन आल्यावर दिशाने रात्रीच्या भाताला पाणी दोनदा घातलं.

सहा तारखेची सकाळ. दिशा एसटीला गेलेली. शमिका ओट्यावर बसून पाय हलवत होती. डब्यात तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कडेला दह्यातलं बीट. तिने चव घेतली आणि चमचा बाजूला ठेवला.

"बोल," सुजय म्हणाला. "धाकू येईल. काय कमी आहे?"

"डब्यात काय नाय." तिचे पाय हलायचे थांबले. "तू जातोस ते मला आवडत नाही."

सुजयच्या हातात झाकण होतं. दर खेपेला निघताना ही पोर दारात उभी राहून हसून हात हलवायची. लोक म्हणायचे, काय समजूतदार आहे हो तुमची मुलगी. त्यालाही तसंच वाटायचं.

"अजिबात आवडत नाही," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "गॅदरिंगला सगळ्यांचे पप्पा असतात. मला ताप आला तेव्हा आई एकटी होती. तू फोनवर नुसतं जेवलीस काय, जेवलीस काय विचारतोस. मग फोन अडकतो. मग तू येतोस तेव्हा मला तू नीट आठवत पण नाहीस, आणि आठवायला लागलास की जातोस. मला राग येतो तुझा. खूप येतो."

तिच्या नाकातून पाणी वाहत होतं. तिने ते बाहीला पुसलं आणि त्याच्याकडे बघत राहिली, आता पप्पा उठून पडवीत जातो की काय म्हणून.

तो पडवीत गेला नाही. त्याने झाकण खाली ठेवलं. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. घराचं कर्ज, तिचं पुढचं शिक्षण, त्याला दुसरं काय येतं. पण ते सगळं तिला ठाऊकच होतं, इतकी वर्षं तिला तेवढंच तर सांगितलेलं होतं. "या खेपेला मला जावं लागेल. शब्द दिलाय. पण कंपनीला मी आज फोन करतो. नऊ महिन्यांऐवजी सहाचा करार मागतो. पगार कमी पडेल, आईशी बोलून बघू. देतात काही जणांना."

"चार," शमिका म्हणाली.

"चार कुणालाच देत नाहीत गो."

"विचार तर. तू विचारलंसच नाय कधी."

खरं होतं. सोळा वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. बाहेर धाकूने हॉर्न दिला. सुजय खिडकीपाशी गेला आणि ओरडून म्हणाला, "पाच मिनिटं थांब रे. आमचं बोलणं चाललंय." मग परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"अजून काय काय आवडत नाही?" त्याने विचारलं.

"खूप आहे," ती म्हणाली आणि ओट्यावर जरा नीट सरसावून बसली.